विलायतेतली बाग, राजस्थानातली पेशगी आणि आपली उचल

इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत सँडस्टोनची फरशी बसवतात. त्यातली बरीच राजस्थानातल्या कोटा-बुंदी भागातून जाते. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुऱ्यात दगडाचे चौकोनी तुकडे घडवायला लहान पोरं बसवल्याचं अनेकदा उघड झालंय. खाणमजूर ठेकेदाराकडून आधी ‘पेशगी’ घेतो. पुढे दगडाच्या धुळीनं सिलिकोसिस होऊन कर्ता माणूस खाटेला लागला, की ती फेडायला बायकापोरं कामाला जुंपली जातात.

ब्रिटननं २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीनं, माल जिथून येतो तिथं गुलामगिरी रोखायला काय केलं, हे दरवर्षी जाहीर करायचं. पण ‘काहीच केलं नाही’ असं लिहिलं तरी कायद्याला चालतं! कंपनी निर्यातदाराचा कागद बघते. खाणीवरच्या ठेकेदाराची वही कोण उघडणार?

खरी गाठ त्या वहीतच आहे. पेशगी म्हणजे आपल्या ऊसतोडीतली उचलच. उचल घेणं गुन्हा नाही. पण उचलीपायी माणसाला अडकवून राबवलं, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं ते कर्जच रद्द होतं आणि राबवून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे करता येते.

म्हणून अंगठा देण्याआधी रक्कम, दर आणि कपात लिहून घ्या. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हिशेब फक्त मुकादमाच्याच वहीत राहिला, तर उचल फिटता फिटत नाही.