बांध जाळू नका

माझ्या वर्गमित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आईवडिलांनो,

माझे मत असे आहे की शेताचा बांध जाळू नये आणि कोरूही नये. का ते मी सांगते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीजवळच्या तांबड्या भोपळ्याला पुष्कळ फुले आली. पण भोपळे धरले फक्त दोन. बाकीचे बोराएवढे असतानाच पिवळे पडून गळाले. अण्णा म्हणाले, खत कमी पडलं. आजी म्हणाली, कुणाची तरी दृष्ट लागली.

मी शाळेत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "दोन फुलं घेऊन ये. एक लांब दांड्याचं आणि एक खाली बारका भोपळा असलेलं." मग त्यांनी दाखवले. लांब दांड्याचे फूल नर असते, त्यात पिवळे पराग असतात. भोपळा असलेले फूल मादी असते. नराचे पराग मादीला लागले तरच भोपळा वाढतो. मक्याचे पराग वाऱ्याने उडतात. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, ते मधमाशीच नेते.

रविवारी मी वेलापाशी जाऊन बसले. हे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात मला एकच माशी दिसली. मग आईने आणि मी नर फूल तोडून मादी फुलांवर हाताने घासले. सहा फुलांना केले, त्यातली चार धरली. पण एवढ्या रानात आई किती फुलांना पुरणार?

आजी म्हणाली, "पूर्वी बांधावरच्या बोरीत फुलोरी माशीचं पोळं असायचं." तेव्हा मला आठवले, शिमग्यानंतर अण्णांनी बांध पेटवला होता. एकदांडी, तरवड, बोर, सगळे जळून गेले. पिकाला फुले थोडेच दिवस असतात. बाकीच्या दिवसांत माशी काय खाणार? ती बांधावरच्या फुलांवर जगते. काही माशा पोळे करीत नाहीत, एकेकट्या राहतात. त्या बांधाच्या मातीत बीळ करून अंडी घालतात. बांध कोरला की त्यांचे घर नांगराखाली जाते.

आबा सांगतात, आमचा बांध पूर्वी बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. आता पाऊलभर उरला आहे. दरवर्षी इकडून एक तास आणि तिकडून एक तास! त्यावरून भांडणे होतात ती वेगळीच. आपल्या देहूच्या कडेला प्लॉट पडले, तळवडे आणि चाकणकडे कारखाने झाले. माणसांना काम मिळाले, ते चांगलेच झाले. पण माशीला कंपनीत काम मिळत नाही. तिला बांधच पाहिजे.

अण्णा म्हणतात, बांधावरचं गवत रानात पसरतं, साप पण राहतात. हे खरे आहे. म्हणून मी म्हणते, गवत बी धरायच्या आधी विळ्याने कापावे आणि गुरांना घालावे. सगळा बांध एकदम कापू नये. अर्धा आज, अर्धा नंतर. बांधावर शेवगा आणि करंज लावावा. औषध मारायचेच असेल तर माशा फुलांवर असताना मारू नये, संध्याकाळी त्या घरी गेल्यावर मारावे.

बाईंनी सांगितले की महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव झाले. तिथे जंगल आहे. आपल्याकडे तेवढे जंगल नाही, पण प्रत्येकाच्या रानाला बांध आहे. सगळ्यांचे बांध जोडले तर केवढी मोठी फुलबाग होईल!

अण्णांनी यंदा विहिरीकडचा एक बांध माझ्यासाठी ठेवला आहे. तुम्हीही आपल्या घरी एक बांध मागून घ्या. भोपळे किती धरले ते मी पुढच्या अंकात लिहीन.

इयत्ता चौथी, देहू