‘आमच्यानंतर तूच’ : दिव्यांगांच्या भावंडांचा विचार कोण करणार?

पुणे : घरातील एक मूल दिव्यांग किंवा दीर्घ आजारी असले की सगळी धावपळ त्याच्याभोवती होते. दुसरे मूल ‘समजूतदार’ ठरते आणि मागे पडते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात 29.6 लाख दिव्यांग आहेत. त्यांच्या भावंडांची मात्र वेगळी मोजणी नाही.

भावंडांचा प्रश्न नेमका काय?

दौंड तालुक्यातील भांडगावहून पुणे सुमारे 50 किलोमीटर. तपासणीसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी पुणे गाठायचे तर पालकांचा दिवस जातो. अशा वेळी घर, जनावरे, धाकटी भावंडे कोणी सांभाळायची? अनेकदा हे काम थोरल्या मुलीवर येते. शाळा बुडते, तरी तक्रार करायची सोय नसते. पुढे स्थळे पाहताना भावाचा आजार सांगायचा की लपवायचा, हा ताण वेगळाच.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. अशी व्यक्ती 18 वर्षांची झाली की तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. आई-वडील नसतील तर भावंडांनाही अर्ज करता येतो. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती घेते.

नेमणुकीनंतर 6 महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते. आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशेबही द्यावा लागतो. एकाच सातबाऱ्यावर नाव असलेल्या भावंडांसाठी हे महत्त्वाचे आहे. हिशेब चोख असेल तर ‘जमिनीसाठीच सांभाळतो’ या संशयाला उत्तर राहते.

पैशांची मदत कोणती?

याच कायद्याखालील ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो. दिव्यांग भाऊ किंवा बहीण अवलंबून असेल, तर जुन्या करप्रणालीत 75 हजार रुपयांची वजावट मिळते. दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असल्यास ती 1.25 लाख रुपये आहे.

त्रुटी कुठे?

या तरतुदींना भावंड दिसते ते जबाबदारी घेण्याइतके मोठे झाल्यावर. दहा-बारा वर्षांच्या भावंडासाठी त्यात काहीच नाही. अमेरिकेत डॉन मेयर यांनी 1982 मध्ये अशा मुलांसाठी ‘सिबशॉप’ हे मेळावे सुरू केले. तिथे मुले खेळतात आणि घरी न बोललेले एकमेकांशी बोलतात. आपल्याकडे ‘देवराई’ (2004) या मराठी चित्रपटाने स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाबरोबर त्याच्या बहिणीची ओढाताणही दाखवली होती.

गावात काय करता येईल?

• शाळा : तीव्र दिव्यांग मुलांना गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे. त्यासाठी घरी जाणाऱ्या शिक्षकांनी भावंडाच्या हजेरीची आणि अभ्यासाचीही चौकशी करावी. त्याला वेगळा खर्च लागत नाही.

• ग्रामपंचायत : स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. दिव्यांग मुलांना दिवसा काही तास सांभाळण्याची सोय त्यातून करता येईल का, हा विषय ग्रामसभेत मांडता येतो.

• घर : आजाराची माहिती भावंडाला त्याच्या वयाला कळेल अशी द्यावी. आठवड्यातून थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी ठेवावा. पुढची जबाबदारी त्याच्यावर गृहीत धरू नये, आधी त्याला विचारावे.

मनापासून ‘हो’ म्हणालेले भावंडच पुढे खरा आधार ठरते. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच त्या ‘हो’ला अर्थ आहे.