कमरेचं पिस्तूल

परवा आमच्या गावात हळद होती. नाचता नाचता पुतण्याचा सदरा वर गेला आणि कमरेचं पिस्तूल सगळ्यांना दिसलं. सदरा खाली घ्यायची त्यानं घाई केली नाही. दाखवायचंच होतं. मी विचारलं, "काय रं, कुणाची भीती हाय तुला?" हसून बोलला, "भीती नाय काका, वट लागते."

या वटीबद्दलच मला बोलायचंय.

बंदूक आमच्या घरात नवीन नाही. बापसाकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात दाण्यात आलं की डोंगरातनं रानडुकरं उतरायची. बापूस रात्री माळ्यावर बसून नुसत्या दारूचा बार काढायचा, आवाजानंच डुकरं पळायची. सकाळी गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसायचा, तेलाचा हात द्यायचा. दारू एका जागी, केप दुसऱ्या जागी. "भरलेली बंदूक घरान आणायची नाय," हा त्याचा कायदा. ती बंदूक कधी कुणाच्या हळदीला गेली नाही.

पुतण्याला विचारलं, साफ कधी केलंस? बोलला, "दसऱ्याला पूजा केली की!" आमची हवा खाडीची, खारी. त्यात घामाच्या अंगाला चिकटलेलं लोखंड गंजणारच. नेम धरायला तो कुठं शिकला नाही. घरी आला की मॅगझिन काढतो आणि पिस्तूल रिकामं झालं समजतो. अरे, मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या टोकाशी चढलेली एक गोळी आत राहते! वरचा भाग मागं ओढून डोळ्यानं बघितल्याशिवाय रिकामं म्हणायचं नाही. त्या घरात चार वर्षांचं पोर आहे.

कायदाही झोपलेला नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर हौसेखातर बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

कुणी म्हणेल, जमिनीचा धंदा आहे, दुश्मन असतात. ज्याच्या जिवाला खरंच धोका आहे त्यानं रीतसर परवाना घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. पण तसा माणूस हत्यार झाकून ठेवतो, नाचवत नाही. बांधाच्या भांडणात पिस्तूल आलं की पंचांनी बोलायचं काय? 2022 साली अंबरनाथला तर बैलगाडी शर्यतीच्या वादातनं गोळ्या चालल्या.

आता वटीचा हिशेब. पुतण्याचं पिस्तूल आलं साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटातनं. ते साडेबारा टक्के कुठनं आले? सिडकोनं जमिनी घेतल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या मागं माणसं उभी राहिली. 1984 च्या जानेवारीत जासई भागात पोलिसांच्या गोळ्या चालल्या, पाच जण हुतात्मा झाले. मी तेव्हा पंचविशीत. आमच्या गावात परवान्याच्या बंदुका होत्या. एकही घराबाहेर निघाली नाही. वट ती होती! तिच्यावर मिळालेल्या पैशानं तुम्ही लोखंड विकत घेतलंत.

बापूस गेल्यावर मी त्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. उरलेलं एक एकर भात मी अजून लावतो. डुकरं आली तर पत्र्याचा डबा बडवतो. बापसाची बंदूक भात राखायची. पुतण्या, तुझी काय राखते, तेवढं सांग.