तळ्यातली तिलापी



गेल्या महिन्यात अलिबागच्या खारेपाटात भाताच्या बियाण्याच्या कामासाठी गेलो होतो. निघताना घरच्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, जरा आमचं तळं बघून जा." घरामागे दोन गुंठ्यांचे तळे. दोन वर्षांपूर्वी बचत गटाचे कर्ज काढून त्यात रोहू-कटल्याचे बीज सोडलेले. यजमानांनी पाग टाकला, तर वर आली ती बोटाबोटाएवढी तिलापी! कटले दोनच, तेही पाव किलोचे. कर्ज मात्र पुऱ्या वजनाचे.

"ही सोडली कोणी?" तर कोणीच नाही. उधाणात बांधाला खांड पडली, तेव्हा खाडीच्या पाण्याबरोबर शिरली. या माशाला गोडे पाणी चालते, खारेही चालते.

मूळची ही आफ्रिकेची. 1952 साली मंडपम येथे आणली गेली. 1959 मध्ये तिच्या प्रसारावर बंधन घालण्याचे ठरले, पण तोवर ती तळ्यातळ्यांत पोचली होती. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि धोका दिसला की पिल्लांनाही पुन्हा तोंडात घेते. त्यामुळे पिल्ले फारशी मरत नाहीत. दोन-तीन महिन्यांची मादी वीण धरू लागते. मग खाणारी तोंडे वाढतात, खाद्य तेवढेच राहते आणि कोणीच पोसले जात नाही.

पश्चिम आफ्रिकेतला तिचा एक भाऊबंद, सॅरोथेरोडॉन, त्यात तर बाप तोंडात अंडी धरतो! तो 2010 साली थायलंडात नेला गेला. पुढे कालव्यांत आणि कोळंबीच्या तळ्यांत इतका माजला की 2024 मध्ये तिथल्या सरकारला तो पैसे देऊन पकडून घ्यावा लागला.

वहिनींना सांगितले ते असे. वैशाखात तळे पूर्ण उपसा. खळग्यात ओंजळभर गढूळ पाणी राहिले तरी त्यात चार तिलापी जगतात. उपसणे जमत नसेल तर मोहाची पेंड भिजवून टाका. मीटरभर पाणी असेल तर गुंठ्याला 25 किलो, अर्धा मीटर असेल तर निम्मी. वर आलेले मासे ताजे असतानाच काढा, ते खाता येतात. पिकावरचे कीटकनाशक मात्र तळ्यात कदापि ओतू नका. हा उद्योग मी पाहिला आहे, म्हणून लिहितो. तीन आठवड्यांनी नवे बीज सोडा आणि पाणी आत येते तिथे बारीक जाळी बांधा. खांड बुजवायची ती उधाणाआधी.

"म्हणजे ही अगदीच वाया गेलेली?" यजमानांनी विचारले. तसे नाही. आपल्या खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा जिवंत मासळीवर पोसतो. तिलापी वेगळ्या खड्ड्यात ठेवून तिची पिल्ले रोज त्याला घातली, तर खाद्याचा खर्च वाचतो. जिताडा रोहूच्या पिल्लांत मात्र सोडू नये, त्याला भेदभाव कळत नाही. झटपट वाढणारी गिफ्ट तिलापिया पाळायची असेल, तर मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी आधी घ्यावी.

वहिनींनी दोन्ही कटले पुन्हा पाण्यात सोडले. तिलापीचे कालवण मात्र त्या दिवशी मी जेवूनच निघालो.