श्रीरंगपट्टणास एक तास

गेल्या माघात आमच्या चामराजपेटेतील काही मराठी कुटुंबांची सहल निघाली. पहाटे साडेपाचला बस सुटली आणि मध्यरात्री परत आली. एवढ्या अवधीत श्रीरंगपट्टण, म्हैसूरचा राजवाडा, चामुंडीची टेकडी आणि बृंदावनातील रंगीत कारंजी अशी चार स्थळे 'करण्यात' आली. 'म्हैसूर केले', 'हंपी केली' ही भाषा आमच्या सहलकारांची. पोळ्या कराव्यात तशी ते गावे करतात. श्रीरंगपट्टणाच्या वाट्यास एक तास आला होता. त्यांपैकी चाळीस मिनिटे रंगनाथाच्या देवळास, वीस दर्यादौलतीस. गुंबज बसच्या खिडकीतून दाखविण्यात आला आणि तोही डावीकडे बसलेल्यांनाच दिसला.

दर्यादौलतीच्या भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचे प्रचंड चित्र आहे. इंग्रज पलटणीचा चौकोन, फुटलेला दारूगोळा, पालखीत बसलेला बेली, चहूंकडून तुटून पडलेले घोडेस्वार. बरोबरच्या एका नऊदहा वर्षांच्या मुलाने ते पाहून विचारले, "यात आपण कोणाकडून होतो?" सहलीचे चालक घाईत होते. ते म्हणाले, "आपण नव्हतो रे इथं. आपला काही संबंध नाही. चल, बस सुटेल." आम्ही तेथेच उभे होतो आणि आम्हीही गप्प बसलो, हे प्रथम कबूल केले पाहिजे. हा लेख त्या गप्प बसण्याचे उशिरा केलेले परिमार्जन आहे.

कारण ते उत्तर चुकीचे होते, आणि ज्या भिंतीसमोर ते दिले गेले तिनेच ते खोटे पाडले असते. पोल्लिलूरची लढाई १७८० सालची. त्या वर्षी नाना फडणिसांनी कंपनीविरुद्ध जी जूट उभारली होती, तीत हैदर पुणे दरबाराचा दोस्त होता. मराठी फौज प्रत्यक्ष त्या रणात नव्हती. पण 'कोणाकडून' या प्रश्नाचे उत्तर 'हैदराकडून' असेच होते. पुढे अकरा वर्षांनी, १७९१ साली, आपण त्याच हैदराच्या मुलाविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने याच बेटासमोर उभे होतो. आणि मंडळी जरा वळून पूर्वेच्या भिंतीकडे गेली असती, तर तेथे राजेरजवाड्यांच्या दरबारांच्या ज्या ओळी रंगविल्या आहेत त्यांत तंजावरचा राजा आणि पेशवा या दोघांचीही चित्रे त्यांना दिसली असती. (टिपूनंतरच्या मुम्मडी कृष्णराजाचेही चित्र त्याच भिंतीवर आहे. डलहौसीच्या काळात ही चित्रे नव्याने रंगविली गेली, तेव्हा सारेच टिपूच्या चिताऱ्यांचे आहे असे कोणी समजू नये.) ज्या घरात आपल्या राजाचे चित्र लागलेले आहे, त्या घराशी आपला काही संबंध नाही, असे आपण आपल्या मुलाला सांगितले!

परतीच्या वाटेवर पुढल्या सहलीचा विषय निघाला. एका गृहस्थांचे चिरंजीव शांघायला नोकरीस आहेत. तिकडे कालव्यांवर वसलेली जुनी जलनगरे आहेत, दगडी कमानींचे पूल आहेत, होड्या आहेत, तीन दिवसांत सारे आटोपते, असे त्यांनी सांगितले आणि बस मोहून गेली. "आपल्याकडे असं काही नाही," हे वाक्य त्या रात्री मंड्याच्या अलीकडे आम्ही किमान चार वेळा ऐकले. चीनला जाण्यास आमचा विरोध नाही. जो वूझेनला जाईल त्याने माओ दून हा थोर कादंबरीकार १८९६ साली तेथे जन्मला हे माहीत करून घेऊन जावे; आणि त्या गावाचा पश्चिमेकडील भाग मूळच्या रहिवाशांना हलवून, डागडुजी करून, तिकीट लावून प्रवाशांसाठी उघडला गेला, हेही विसरू नये. तेथे पाणी आहे, पूल आहेत, दिवे आहेत. ज्यांच्या पायऱ्या त्या पाण्यात उतरत होत्या ती माणसे बव्हंशी दुसरीकडे आहेत. पण "आपल्याकडे असं काही नाही" हे वाक्य मात्र आम्हांला सोडवत नाही. ज्या गावातून आपण चौदा तासांपूर्वी आलो, ते गाव चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले होते. मंडळी दोनदा पुलावरून गेली आणि दोन्ही वेळा बसमध्ये भेंड्या चालू होत्या.

श्रीरंगपट्टण हे कावेरीचे बेट आहे. पश्चिमेस नदी दुभंगते, पूर्वेस संगमापाशी पुन्हा एक होते. रंगनाथाच्या तीन बेटांतील हे आदिरंग. मध्यरंग शिवनसमुद्रास, अंत्यरंग श्रीरंगमला. राजा वडियरने १६१० साली विजयनगरच्या प्रतिनिधीकडून हे घेतले आणि तेव्हापासून १७९९ पर्यंत म्हैसूर राज्याची ही राजधानी होती. येथे पाणी शोभेसाठी नव्हते. कोडगूत पाऊस लागला की आषाढात दोन्ही फाटे भरून वाहत, आणि मग पुढचे कित्येक महिने या किल्ल्याला आणखी तटाची गरज नसे. वेढा घालणाऱ्याचे सारे गणित पंचांगाशी बांधलेले असे. १७९९ च्या मे महिन्यात इंग्रजांनी जी घाई केली ती याचसाठी. महिनाभर थांबते तर नदी चढली असती. ४ मे रोजी भर दुपारी एकच्या सुमारास त्यांची माणसे खडकाळ, उथळ पात्रातून चालत आली आणि संध्याकाळपर्यंत टिपू मेलेला होता. त्याच पाण्याने नंतर जेत्यांनाही टिकू दिले नाही. बेटावर हिवतापाने माणसे मरू लागली, म्हणून १८०९ साली गोऱ्या फौजेने तळ हलविला आणि बेंगळूरला आणला. आज आपण ज्याला कँटोन्मेंट म्हणतो ते अशा रीतीने श्रीरंगपट्टणच्या डासांनी वसविले आहे. आता धरण वर कृष्णराजसागरला आहे आणि बेटाभोवती किती पाणी खेळावे हे तेथील दरवाजे ठरवितात. तरी श्रावणात वेल्स्ली पुलाच्या दगडी खांबांशी नदी जो आवाज करते, तो ज्याने ऐकला तो हे बेट आहे हे विसरणार नाही. तो पूल दिवाण पूर्णय्यांनी १८०४ साली बांधविला. नाव दुसऱ्याचे, काम आपल्या माणसाचे, ही रीत जुनीच आहे.

आता आपला हिशेब. बेंगळूरच्या मराठी सभांतील भाषणे शहाजीराजांपासून सुरू होतात. १६३८ साली हे शहर विजापूरच्या फौजेने घेतले, ते राजांच्या जहागिरीत आले, हे सर्व खरे आणि अभिमानाचे. पण वक्ता तेथून एकदम आजच्या गणेशोत्सवावर उडी घेतो. मधल्या काळात आपण येथे काय करीत होतो? १७५७ साली नानासाहेब पेशवे याच बेटासमोर येऊन खंडणी ठरवून गेले. १७७१ साली त्र्यंबकराव पेठ्यांनी चिनकुरळीपाशी हैदराची धूळधाण उडविली. त्याच स्वारीत आपल्या लोकांनी मेलुकोटे लुटले आणि देवाचे लाकडी रथ त्यांतल्या लोखंडासाठी जाळले, असे राइस यांनी आपल्या म्हैसूर गॅझेटियरात नमूद केले आहे. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस अरकेरेला लढाई जिंकूनही अन्नावाचून मागे फिरला. बैल मेले होते, वेढ्याच्या तोफा त्याने स्वतःच फोडून टाकल्या होते, शिपाई उपाशी होते. मेलुकोट्याच्या बाजूने घोडेस्वार दिसले तेव्हा ते शत्रूचे समजून बंदुका रोखल्या गेल्या. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचे. त्यांच्या मागोमाग आपला बाजार आला. त्या बाजारात धान्यापासून शालींपर्यंत वाटेल ते मिळत होते, आणि धान्याचा भाव उपाशी दोस्ताची गरज पाहून लावलेला होता. इंग्रज लेखकांनी हे कुरकुरत लिहिले आहे. आम्हांला मात्र या हकिकतीत आपले सारे गुणदोष एका तंबूत बसलेले दिसतात.

आणि त्याच वर्षीचे शृंगेरी. भाऊंच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शारदेचा मठ लुटला, मूर्ती हलविली, स्वामींना कारकळला जाऊन राहावे लागले. टिपूने त्या स्वामींना कन्नडातून लिहिलेली, मदत पाठविल्याची पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांच्या हाती आली. आमचे कन्नड शेजारी, निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी एकदा कॉफी पिता पिता आम्हांला सौम्यपणे विचारले, "काय हो राव, शृंगेरीचं तुमच्या पुस्तकांत काय लिहिलंय?" आम्ही तेव्हाही नीट उत्तर देऊ शकलो नाही. वस्तुतः उत्तर होते. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त पटवर्धनी दप्तर छापले आहे आणि शृंगेरीच्या लुटीचा उल्लेख त्यात आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ते लपविले नाही, छापणाऱ्यानेही लपविले नाही. विसरलो ते आपण.

यावर आमचे मित्र दोन प्रकारे रागावतात. पहिला म्हणतो, ते लमाण आणि पेंढारी होते, ते मराठे नव्हेत. मान्य, पण ते कोणाच्या निशाणामागून आले होते? दुधात पाणी गवळ्याच्या गड्याने घातले म्हणून गवळ्याचा हिशेब चुकत नाही. दुसरा म्हणतो, टिपूने काय कमी केले? कमी केले नाही. कोडगूतून माणसे बांधून आणली. आणि आपल्यापुरते बोलायचे तर १७८५ साली नरगुंदच्या व्यंकटराव भाव्यांना धरून बेड्या घालून कब्बाळदुर्गावर टाकले. तो दुर्ग आपल्या बेंगळूरपासून फार दूर नाही, आणि तोही आजवर कोणा सहलीने 'केलेला' नाही. म्हणजे आमचा कैवारी मित्र टिपूवर ज्या कारणाने रागावतो, तेही त्याने पाहिलेले नाही. रागवायचे तर पत्ता तरी ठाऊक असावा.

दोन्ही मित्रांचे मूळ एकच आहे : आपण येथे पाहुणे आहोत ही समजूत. पाहुण्याला घराच्या भांडणाशी कर्तव्य नसते; तो बघतो, जेवतो, निघतो. पण आपण पाहुणे केव्हा होतो? या राज्याचे दिवाणपद १९०६ ते १९१२ या काळात व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव या दोघा तंजावरी मराठ्यांकडे लागोपाठ होते. ज्या आनंदराव सर्कलवर आपण रोज रिक्षात अडकून पडतो, ते या आनंदरावांचे. चामराजपेट १८९२ साली वसली आणि तिच्या उंबऱ्याशी टिपूचा वाडा आणि १७९१ च्या मार्चात पडलेला किल्ला आहे. आणि याहून जवळची गोष्ट सांगायची तर, श्रीरंगपट्टणला कावेरी ज्या ठिकाणी उलटी वळते त्या पश्चिमवाहिनीत आम्ही आमच्या आईच्या अस्थी सोडल्या, वडिलांच्याही सोडल्या. त्या बसमधील निदान पाचसहा जणांनी आपापल्या घरच्या सोडल्या आहेत, हे आम्हांला माहीत आहे. कारण त्यांतील दोघांबरोबर आम्ही गेलो होतो. ते त्या दिवशी पश्चिमवाहिनीपासून हाकेच्या अंतरावर होते. कार्यक्रमपत्रिकेत ते ठिकाण नव्हते.

तेव्हा येत्या मार्गशीर्षासाठी आमची सूचना अशी आहे, आणि ती आम्ही मंडळींपुढे लेखी ठेवली आहे. बस नको. आपल्या मुख्य स्टेशनावरून सकाळच्या गाडीने जावे. दोन-अडीच तासांचा प्रवास, आणि रूळ थेट किल्ल्याच्या पोटातून जातो, त्यामुळे उतरल्यावर कोणाला 'अजून किती लांब' विचारावे लागत नाही. नवा हमरस्ता गावाला वळसा घालून जातो. ज्यांना लवकर म्हैसूरला पोहोचायचे आहे त्यांची सोय झालेलीच आहे. पहिल्या दिवशी प्रथम करिघट्टाच्या टेकडीवर चढावे. तेथून नदीचे दोन्ही फाटे आणि मधले बेट एका नजरेत येते आणि १७९२ च्या फेब्रुवारीतल्या रात्री कोण कोठून आले हे मुलांना काठीने दाखविता येते. दुपारी वेल्स्ली पूल, मग वॉटर गेट. सांज रंगनाथाच्या देवळात, आणि रात्री मुक्काम बेटावरच. दुसऱ्या दिवशी उजाडताना संगम, मग गुंबज, आणि दर्यादौलतीस सबंध सकाळ. पूर्वेची भिंत प्रथम. ज्यांच्या पायांत बळ असेल त्यांनी तिसऱ्या दिवशी चिनकुरळीवरून मेलुकोट्यास जावे. तेथे देवळात जाताना रथांची गोष्ट मुलांना सांगावी, आणि शक्य तर कन्नडातून सांगावी, म्हणजे शेजारी उभे असलेलेही ऐकतील.

समितीने दोन हरकती घेतल्या आहेत. एक, बृंदावनातील कारंजी राहतील. ती राहोत. दुसरी, तीन दिवस एकाच गावात मुले कंटाळतील. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या आईला आम्ही हे विचारले. त्या म्हणाल्या, "तो अजून विचारतोय."