देवळाची पाठ
सदर : काठाकाठानं

वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन न घेता कुणी पुढं जात नाही. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या गाड्या तासभर थांबतात, नमस्कार होतो, घाटावर फोटो निघतात आणि मंडळी पसरणीच्या घाटाला लागतात. माझी विनंती एवढीच, की निघण्याआधी देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी जा.

ही भिंत सरळसोट नाही. माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा तिथं दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. पाणी चढणारच, हे धरूनच दगड रचला गेला. आतल्या एकाच दगडातल्या अगडबंब मूर्तीला आपण हात जोडतो. मी या भिंतीलाही जोडतो.

वाईकर नदीला नुसतं कृष्णा म्हणत नाहीत, कृष्णाबाई म्हणतात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा सात घाटांवर पाळीपाळीनं तिचा उत्सव होतो. मांडवात कृष्णाबाई बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात, बायका तिची ओटी भरतात. या उत्सवाचं मूळ अफझलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसात असल्याचं सांगतात.

विद्येलाही हा काठ मानवला. नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकायला १९१७ मध्ये विनोबा इथं आले. शास्त्रीबुवांच्याच प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी घडले आणि पुढं त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली आला.

तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळीत टांगलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ हे साल आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर ती मराठ्यांकडे आली. नदीकाठच्या त्या गावानं तिला सांभाळलं, मेरीसकट.

इतकं सगळं दिलेल्या नदीला आपण काय देतो? घाटाच्या पायऱ्यांशी प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतात, तेव्हा मला पोटातून वाईट वाटतं. ज्या पाण्याची ओटी भरायची, त्यातच सांडपाणी सोडायचं, हे कुठल्या रीतीत बसतं? सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत जाऊ नये आणि नवं बांधकाम पूररेषेच्या आत येऊ नये, या दोन गोष्टींवर गावानं अडून बसावं. पाहुण्यांनी आपला कचरा आपल्याबरोबर न्यावा.

रास्त्यांनी देवाचं घर बांधतानासुद्धा नदीची वाट आधी मोकळी ठेवली. आपली घरं तर त्या मानानं फारच लहान आहेत.

– वाटसरू