दोन ज्युडिथ राइट नव्हत्या

ज्युडिथ राइट (१९१५-२०००) या ऑस्ट्रेलियन कवयित्रीविषयी एक मत इतक्या वेळा मांडले गेले आहे की आता ते मत म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून सांगितले जाते. ते असे : 'द मूव्हिंग इमेज' (१९४६) आणि 'वुमन टु मॅन' (१९४९) हे संग्रह लिहिणारी राइट ही थोर भावकवयित्री, पुढे ती निसर्गरक्षणाच्या आणि आदिवासींच्या हक्कांच्या चळवळीत ओढली गेली आणि तिची कविता आटली. राष्ट्रकुल साहित्याच्या वर्गात हेच विधान टिपणांतून उत्तरपत्रिकांत उतरते आणि आपण शिक्षक त्याला गुणही देतो. हे मत अपुरे आहे असे म्हणून भागणार नाही. ते चूक आहे, आणि ते चूक असल्याचा पुरावा खुद्द राइट यांच्या पुस्तकांतच आहे.

आरंभ पहिल्या संग्रहापासूनच करू. राइट यांचा जन्म न्यू साउथ वेल्समधील आर्मिडेल गावाजवळ, मोठाली कुरणे राखून असलेल्या पशुपालक घराण्यात झाला. ज्या डोंगराळ मुलखावर त्यांनी जीव लावला तो मुलूख त्यांच्या पूर्वजांसारख्या वसाहतकारांनी आदिवासींकडून हिरावून घेतलेला होता. हे त्यांना उतारवयात कळले असे नव्हे. 'द मूव्हिंग इमेज'मध्ये 'बोरा रिंग' ही कविता आहे. आदिवासींच्या विधींचे ओस पडलेले रिंगण हा तिचा विषय. त्याच संग्रहात 'निगर्स लीप, न्यू इंग्लंड' आहे. शीर्षकातला हिणकस शब्द गोऱ्या वसाहतकारांच्या बोलीतला. ज्या कड्यावरून आदिवासींना लोटून ठार मारले गेले, त्या कड्याची ही कविता. ती हकीकत राइट यांनी आपल्या वडिलांकडून ऐकली होती. तेव्हा चळवळीपूर्वीची 'निर्मळ' राइट शोधणाऱ्यांनी सांगावे, ती नेमकी कोणत्या पानावर आहे?

याच संग्रहातली 'बुलॉकी' ही कविता घेऊ. रानावनातून बैलांच्या जोड्या हाकणारा एकाकी गाडीवान भ्रमात स्वतःला मोझेस समजू लागतो, हे तिचे सूत्र. शाळांनी आणि संकलनांनी तिला आद्य वसाहतकारांच्या पराक्रमाचे गौरवगीत करून टाकले. तिच्यातला भ्रम गळाला आणि पराक्रम तेवढा उरला. या वाचनाला वैतागून राइट यांनी पुढे ही कविता संकलनांत छापण्यास परवानगी नाकारली. आपली सर्वाधिक लोकप्रिय कविता मागे घेणे याला कोणी कार्यकर्त्याचा हट्ट म्हणेल. आम्हाला तो आपल्या शब्दांच्या अर्थाची जबाबदारी घेणाऱ्या कवीचा निर्णय वाटतो.

याहून मोठा पुरावा त्यांच्या गद्यात आहे. 'द जनरेशन्स ऑफ मेन' (१९५९) या पुस्तकात त्यांनी आपल्या आजी-आजोबांची, मे आणि आल्बर्ट राइट यांची, कहाणी सांगितली. वसाहतकार कुटुंबाच्या कष्टांची ती आत्मीयतेने लिहिलेली कथा होती. पुढे १९८१ साली 'द क्राय फॉर द डेड' आले. घराणे तेच, मुलूख तोच. पण आता या कुटुंबांच्या आगमनाने मध्य क्वीन्सलँडमधील वाड्जा लोकांचे काय झाले, याचा त्यांनी कागदपत्रांच्या आधारे शोध घेतला. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाची अशी फेरतपासणी किती लेखक करतात? चळवळीने लेखिका खाल्ली म्हणणाऱ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. दुसऱ्या पुस्तकात घराण्याविषयीची माया उणावलेली नाही. तिची किंमत कोणी मोजली, एवढेच त्यात वाढले आहे.

वारसा हाच राइट यांच्या लेखनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. 'वुमन टु मॅन'मध्ये गर्भधारणेच्या निमित्ताने एक देह दुसऱ्या देहाला काय देतो, हे त्या पाहतात. 'बोरा रिंग'मध्ये एका समाजाचा वारसा कसा तुटला ते त्या पाहतात. चळवळीतही प्रश्न तोच होता. १९६२ साली त्यांनी मित्रांसह क्वीन्सलँडमध्ये वन्यजीव रक्षण संस्था स्थापन केली. १९६७ साली एलिसन रीफ या प्रवाळखडकावर चुनखडीसाठी खाणकाम करण्याचा अर्ज आला, तेव्हा या संस्थेने विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानाचा कायदा १९७५ मध्ये झाला. ही कामे कवितेला पर्याय म्हणून आलेली नव्हती. कवितेने विचारलेल्या प्रश्नाला व्यवहारात दिलेली ती उत्तरे होती.

चळवळीच्या काळात राइट यांच्या काही कविता विधानवजा झाल्या, हे मान्य करायला हवे. पण तो निवाडा एकेका कवितेपुरता व्हावा, अख्ख्या कालखंडावर नको. 'टू ड्रीमटाइम्स' ही कविता याच काळातली. ती आदिवासी कवयित्री कॅथ वॉकर (पुढे ऊजरू नूनुकल) यांना उद्देशून आहे. वॉकर यांच्या 'वी आर गोइंग' (१९६४) या संग्रहाच्या हस्तलिखिताची प्रकाशकाकडे शिफारस राइट यांनीच केली होती. मैत्री खरी असली तरी तिने जमिनीचा हिशेब मिटत नाही, ही अवघड जाणीव या कवितेत आहे. घोषणेत अशी दुविधा मावत नाही; त्यासाठी कविताच लागते.

आता १९८५ हे साल पाहू. आदिवासींशी करार व्हावा म्हणून १९७९ मध्ये स्थापन झालेल्या समितीची हकीकत सांगणारे 'वी कॉल फॉर अ ट्रीटी' हे राइट यांचे पुस्तक त्या वर्षी आले. 'फँटम ड्वेलिंग' हा त्यांचा शेवटचा संग्रहही त्याच वर्षीचा. त्याचे नाव बाशोच्या एका गद्यलेखाची आठवण देणारे, आणि त्यात चक्क गझला आहेत! रदीफ-काफिया नसल्याने आपल्याकडचे तंत्रशुद्धतेचे पहारेकरी त्यांना गझल म्हणणार नाहीत. पण सुट्या द्विपदींची ती मोकळीक राइट यांनी जाणूनबुजून निवडली होती. सत्तरीची कवयित्री एका हाताने कराराचे पुस्तक लिहिते आणि दुसऱ्या हाताने आजवर न हाताळलेला आकृतिबंध हाताळते. कविता आटण्याची ही लक्षणे असतील, तर असे आटणे कोणाही कवीने मागून घ्यावे.

मग हे मत टिकले कशामुळे? सोयीमुळे. प्रेम, गर्भ, झाडे आणि पक्षी एवढीच राइट शिकवली की जमीन कोणाची, हा प्रश्न वर्गात शिरत नाही. तो प्रश्न मात्र संपलेला नाही. मे २००० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, राइट कॅनबेरातील सलोख्याच्या पदयात्रेत चालल्या. आदिवासींना संसदेपुढे मत मांडणारे घटनात्मक व्यासपीठ देण्याचा प्रस्ताव ऑस्ट्रेलियन मतदारांनी १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बहुमताने फेटाळला.

अभ्यासक्रमात चार कवितांपुरतीच जागा असेल, तर 'वुमन टु मॅन'शेजारी 'बोरा रिंग' आणि 'टू ड्रीमटाइम्स' ठेवा. आणि ज्यांना केवळ पहिलीच राइट हवी आहे, त्यांनी निदान तिचा पहिला संग्रह तरी पुरता वाचावा.